एक ओळ मागे

गणपतीला महिना उरला की लखनौतल्या आमच्या मराठी मंडळाला आपल्या भाषेची जोरात आठवण होते आणि मुलांचं गाणं बसवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी नाही म्हणते, पण ते कुणी मनावर घेत नाही. गेल्या वर्षी मी ठरवलं की नेहमीसारखं सगळ्यांनी एकदम ओरडायचं गाणं बसवायचं नाही. सोलापूरला शाळेत आमच्या गाण्याच्या बाईंनी एक प्रकार शिकवला होता. त्याला त्या राउंड म्हणायच्या. गाणं एकच, पण पहिला गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा गट पहिल्या ओळीपासून सुरू करतो, त्याच्यामागून तिसरा. प्रत्येक जण आपापली ओळ गात असतो आणि ऐकणाऱ्याला सगळं मिळून एक गाणं ऐकू येतं.

गाणं मीच रचलं:

ये गणराया, ये रे दारी,
पाट मांडिला, समई शेजारी,
दूर्वा वाहतो तुझ्या शिरी,
राहा सुखाने आमच्या घरी.

कविता म्हणून सुमारच आहे. पण चारही ओळी एकदम गायल्या तरी एकमेकींशी भांडत नाहीत, मला तेवढंच हवं होतं.

इंदिरा नगरमधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तालीम सुरू झाली. रेल्वेवाल्यांची मुलं, सरकारी अधिकाऱ्यांची मुलं, तेलीबागेकडून येणारी फौजी घरातली दोन भावंडं. घरी आईवडील मराठी बोलतात आणि मुलं हिंदीत उत्तर देतात, अशी सगळी. भाषेची अडचण येईल असं मला वाटलं होतं. ती आलीच नाही. अडचण आली ती आरतीची.

ही मुलं जन्मापासून आरती म्हणत आलेली. आरतीचा एक अलिखित नियम असतो. कुणी मागे राहिलं तर बाकीचे शेवटचा शब्द ताणत ताणत त्याची वाट पाहतात, आणि मागचा शब्द गाळून का होईना, पुढच्यांना गाठतो. सगळे मिळून संपवतात. त्यामुळे झालं काय, दुसरा गट सुरू झाला रे झाला की धावत पहिल्या गटाला गाठायचा, किंवा पहिला गट माणुसकीने थांबायचा. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे एकत्र आणि वर खूश. मी चिडले. पुढे गेलेल्यांकडे बघायचं नाही, कान बंद ठेवा, असं दहादा सांगितलं. तेलीबागेची धाकटी म्हणाली, "आंटी, लेकिन पीछेवाले तो अकेले रह जाएँगे ना." यावर मी सगळ्यांना चिवडा दिला.

आतल्या खोलीत माझे सासरे हे सगळं ऐकत होते. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. ते रेल्वेत इंजिनियर होते, निवृत्त होऊन साताऱ्याला राहिले, आणि दर गणपतीला आमच्याकडे लखनौला यायचे. मंडळात आरती सांगायचा मान त्यांचा. खरं तर मान वगैरे काही नव्हतं, त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाचा आवाजच लागायचा नाही. या तालमींच्या दीड वर्ष आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही त्यांना कायमचं इकडे आणलं. हातपाय बरेचसे सुधारले. बोलणं मात्र अडकलं. एकदा सुरू झालं की वाक्य पुरं होतं, पण पहिला शब्द जिभेवर यायलाच वेळ लागतो.

झटक्यानंतरच्या पहिल्या गणपतीत ते हौसेने आरतीला उभे राहिले. सगळ्यांनी सुरू केलं आणि यांचा पहिला शब्द निघेना. निघाला तेव्हा बाकीचे पुढच्या ओळीवर होते. मग सगळे थांबले. कुणी टाळ धरून ठेवले, कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत पहिला शब्द सुचवला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. लोक इतके प्रेमाने थांबले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या दिवसापासून बाबा आरतीला नुसते हात जोडून उभे राहतात. घरी देवापुढेसुद्धा ओठ हलत नाहीत. मला याचं फार वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी चिडचिड करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझी राउंड त्यांना मुळीच पसंत नव्हती. पहिल्या रविवारी मुलं गेल्यावर त्यांनी मला बोलावून, वेळ घेऊन, सुनावलं की देवाचं नाव एका तोंडाने घ्यावं, ही काय पळापळ. मी म्हटलं, बाबा, तुम्ही दार लावून घ्या.

दार काही त्यांनी लावलं नाही. पुढच्या रविवारी ते दारात खुर्ची घेऊन बसले. त्याच्या पुढच्या रविवारी मुलांना एकदाचं जमलं. मी प्रत्येक गटाला वेगळ्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. तिन्ही गट आपापल्या वाटेने गेले, कुणी कुणासाठी थांबलं नाही, आणि हॉल आवाजाने भरून गेला. मी बाबांकडे पाहिलं. ते मांडीवर ताल धरत होते.

मुलं गेल्यावर मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाहेर अगदी हळू आवाजात चौथी ओळ ऐकू आली. मी विळी ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, बाबा, या वर्षी मुलांबरोबर बसा ना.

त्यांचा पहिला शब्द यायला वेळ लागला. मग म्हणाले, "सगळे थांबतात गं माझ्यासाठी. ते नको."

मी म्हटलं, यात थांबायची परवानगीच नाही.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला ते आले आणि तिसऱ्या गटामागे खुर्चीवर बसले. मी हात केला. पहिला गट सुरू झाला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या गटाबरोबर बाबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आवाज नाही. माझा हात मुलांना थांबवायला अर्धा वर गेला होता. जुनी सवय माझ्यातही आहेच. तेलीबागेच्या धाकटीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पण ती गात राहिली. मग मीही हात तसाच पुढे चालवला. मुलं दुसऱ्या ओळीवर गेली, आणि त्यांच्यामागून, बरोब्बर एक ओळ मागे, बाबांचा आवाज आला. ये गणराया, ये रे दारी.

आम्ही तीन गट बसवले होते. चौथा गट आपणहून आला होता, आणि तो कुठेही चुकत नव्हता.

पहिला गट संपला, दुसरा संपला, तिसरा संपला. बाबांची शेवटची ओळ उरली. सभागृहातले लोक सवयीने त्यांना साथ द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी ती ओळ एकट्याने, पुरी म्हटली. मला पुढचं नीट दिसलं नाही, कारण मी रडत होते.

परतताना गाडी मी चालवत होते. निशातगंजच्या गर्दीत आम्ही अडकलो होतो. बाबांना काही बोलायचं होतं, मी गप्प राहिले. बोलताना त्यांना वेळ द्यावाच लागतो.

"कुणी थांबलं नाही," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.