मंजूर म्हणा, पण हळू

माझा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे किती, तर शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात कृष्णेच्या काठावर उभा राहून मी म्हशीला हाक मारली, की नृसिंहवाडीच्या घाटावरचे कावळे उडतात आणि पलीकडच्या काठावरची कुणाची तरी म्हैस दावं तोडून पाण्यात उतरते. पटत नसेल त्यानं येऊन त्या म्हशीला विचारावं. या एका आवाजावर मी ग्रामपंचायतीत निवडून आलो. बाकी माझ्यात निवडून देण्यासारखं काही नव्हतं, हे आमची कारभारीण आल्यागेल्या पावण्यांना चहाबरोबर सांगत असते.

आमच्या ग्रामसभेत हात वर करायची पद्धत नाही. ग्रामसेवक ठराव वाचतो, "मंजूर?" म्हणून विचारतो आणि सगळी सभा एका दमात "मंजूर!" म्हणून गर्जते. पहिली आरोळी माझी, तिच्यावर बाकीच्यांची. देवळाच्या सभामंडपातली घंटा त्या दणक्यानं आपोआप वाजते. ज्या ठरावाला आरोळी उठली नाही तो पडला, असा आमचा रिवाज. विरोधात कोणी बोलत नाही, विरोध करायचा म्हणजे गप्प बसायचं.

त्या वर्षी निधी एका कामापुरता होता आणि कामं दोन होती. एक, शाळेचं छत. महापुराचं पाणी शाळेत मुक्कामाला राहून गेलं, तेव्हापासून दुसरीच्या वर्गाच्या स्लॅबला भेग पडली होती. आधी केसासारखी होती, मग बोटासारखी झाली. मी बघायला गेलो तेव्हा तिच्यात चिमणीनं घरटं केलं होतं, आणि थोडं सरकून बसली असती तर घारीलाही जागा झाली असती. दुसरं काम कमानीचं. शेजारच्या गावानं वेशीवर कमान उभारली होती, वर दोन हत्ती. तेव्हापासून आमच्या सरपंचांना अन्न गोड लागेना. आपल्या कमानीला चार हत्ती पाहिजेत आणि मधोमध त्यांच्या वडिलांचं नाव, असा त्यांचा ध्यास.

सरपंच हुशार गडी. सभेच्या आधीच त्यांनी आम्हा सगळ्या सदस्यांना बिरोबाच्या देवळात नेलं आणि हळदीचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. "कमानीला मंजूर म्हणीन, न्हाई म्हटलं तर बिरोबा बघून घेईल." पिवळ्या हातानं मी घरी आलो तर माझी नात दारातच.

ती दुसरीत होती.

"आज्जा," ती म्हणाली, "आज वरनं मातीचा खडा पडला. माझ्या पाटीवर. बाई म्हणल्या, हळू बोला, जोरात पाढे म्हणू नका."

मला खरं तर हसायला पाहिजे होतं. जिचा आज्जा असा, ती पोरगी शाळेत कुजबुजत पाढे म्हणते! पण हसू आलं नाही. त्या दिवसापासून जेवताना घास खाली उतरेना. बिरोबाला फसवावं तर देव कोपणार. देवाला राखावं तर वर्षभर पोरगी त्या भेगेखाली बसणार. दुपारी जरा डोळा लागला, की मला स्लॅब दिसायची आणि तिच्याखाली पिवळा भंडारा लावलेला माझाच हात. मी दचकून उठायचो. कारभारणीनं दोनदा लिंबू-मिरची उतरून टाकली. तिला वाटलं, नजर लागली. खरी गोष्ट कळली तेव्हा तिनं मला उतरून टाकायचंच बाकी ठेवलं.

"भंडारा उचलताना तोंड कुठं गेलतं तुमचं?" ती म्हणाली. "एरवी तर गावाचं कान फोडता की!"

"बिरोबा हाय गं तो. चेष्टा हाय व्हय?"

"बिरोबा देवळात हाय. पोरगी त्या वर्गात हाय."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची सभा असते. तिथं ही बाई उभी राहिली. मी बाहेर खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. सरपंच आत आरामात सांगत होते, "शाळा ठणठणीत हाय. माझ्या आज्जाच्या वेळचं काम. हत्ती नाचवला तरी काय होणार न्हाई."

"हत्ती कशाला?" कारभारीण म्हणाली. "हत्ती तुमच्या कमानीला लागत्यात. तुम्हीच बसा की तिथं. उद्याची सभा दुसरीच्या वर्गात घ्या. न्हाईतर म्हणा, सरपंच पोरांच्या जागंवर बसायला भ्यालं."

सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आता कोल्हापूरच्या माणसाला काहीही म्हणा, पण भ्याला म्हणू नका. सरपंचांच्या मिशा ताठ झाल्या.

"भ्यालं? मी? उद्याची सभा तिथंच!"

सभा तिथं होणार म्हणजे मीही तिथंच बसणार, हे माझ्या घरी येईपर्यंत ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा मी ओट्यावरच बसलो.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, पोरं बुंदीचे लाडू खात मैदानात पांगली आणि आम्ही वर्गात शिरलो. एरवी सभेला माणूस घरातून ओढून आणावा लागतो. त्या दिवशी ईर्षेनं सगळं गाव आलं. वर्ग गच्च भरला, खिडक्यांत माणसं लटकली. गंमत अशी की भिंतीकडेनं माणसावर माणूस चढला होता आणि मधोमध, भेगेखाली, जागा मोकळी. सरपंच एकटेच तिथं खुर्ची टाकून बसले. त्यांनी वर बघितलं नाही. आणि मला बोटानं खूण केली, "या की पुढं. तुमच्याशिवाय सुरुवात कशी करायची?"

मी त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसलो. नातीची जागा तीच, खिडकीपासून जरा आत. वर बघितलं. भेग माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर निघाला, मागं दोन ट्रेलर, टपावर कर्णा लावून गाणं चालू. भिंत थरथरली. फळ्याच्या कडेवरचा खडू खाली पडला. आणि वरून भुरभुर पांढरी धूळ सरपंचांच्या फेट्यावर उतरली. कुणी हललं नाही. इतकी शांतता, की इचलकरंजीतल्या मागांची खटखट ऐकू आली म्हणाल तरी मी खोटं म्हणणार नाही.

ग्रामसेवकानं ठराव वाचायला घेतला. तो एरवी खड्या आवाजात वाचतो. त्या दिवशी दवाखान्यात बोलावं तसा बोलला. "गावाच्या वेशीवर कमान उभारणे. मंजूर?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आणि मग सगळ्या माना वर गेल्या.

सरपंच दात आवळून म्हणाले, "म्हणा की."

घशात आरोळी तयार होती, आयुष्यभर तयार असते तशी. ती सुटली असती तर मागून सगळ्या गावाची सुटली असती. आणि वर काय झालं असतं ते मला दुपारच्या झोपेत आधीच दिसलं होतं. पण भंडारा उचलला होता. शब्द पाळायचाच होता. मी डोळे मिटले आणि म्हणालो. म्हणालो, बिरोबाची आण. पण इतक्या हळू म्हणालो, की माझ्या ओठांनाही नीट कळलं नाही. बिरोबानं ऐकलं असणार, तो देव आहे. ग्रामसेवकानं ऐकलं नाही.

तो थांबला. दाराबाहेर एक लाडू खाणारं पोर शिंकलं आणि आतल्या दोन म्हाताऱ्यांनी डोकी झाकली.

"आवाज काय येईना," ग्रामसेवक पुटपुटला. "पुढचा ठराव. शाळेचं छत नवीन करणे."

आमच्यात पद्धत नसताना पहिला हात कुणाचा वर गेला, तर सरपंचांचा. फेट्यावर धूळ तशीच. "मंजूर," ते कानात सांगावं तसं म्हणाले. मग भिंतीकडेनं कुजबुज उठली, मंजूर, मंजूर, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तशी. आणि सगळं गाव पायातली चप्पल हातात घेऊन एकेक करून बाहेर पडलं. सरपंच सगळ्यात शेवटी. तेवढा मान त्यांना द्यायलाच पाहिजे.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "घशाला काय झालतं?"

"धूळ गेली," मी म्हणालो.

उन्हाळ्यात पोरं देवळात बसायला लागली आणि शाळेत गवंडी आले. आम्ही बघायला गेलो, नात माझं बोट धरून. मुकादमानं सगळ्यांना वडाखाली उभं केलं. गड्यानं वर घण उचलला आणि एकदाच घातला. एकदाच. पुढं त्याला काही करावं लागलं नाही, तो स्वतः कसाबसा कडेवर उडी मारून वाचला. धूळ खाली बसल्यावर खिडकीतून दिसलं, माझी सतरंजी होती त्या जागेवर माणसाएवढ्या उंचीचा ढीग.

"आज्जा, माझी जागा," नात म्हणाली.

मला तिला काहीतरी मोठ्यानं सांगायचं होतं, हसवायचं होतं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. नुसता तिचा हात घट्ट धरून उभा राहिलो, ती "दुखतंय की" म्हणेपर्यंत.