चौदा इंजेक्शनं आणि आमच्या गावचं राज्य

१९४८ च्या उन्हाळ्यात आमच्या गावानं स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं, तेव्हा मी तिथं निजाम सरकारच्या शाळेत मास्तर होतो.

मी मूळचा परंड्याचा, किल्ल्याजवळच्या मोहल्ल्यातला. वडील वारल्यावर अम्माला घेऊन नोकरीच्या गावी राहायला आलो होतो. गाव लहान, बार्शीच्या वाटेवरचं. ओढा ओलांडून थोडं पुढं गेलं की करोडगिरीचा नाका लागे, म्हणजे निजामाची जकात चौकी. तिच्यापलीकडं बार्शी तालुका. पलीकडं आदल्या वर्षीच स्वराज्य आलं होतं. अलीकडं मात्र निजामाचं म्हणणं असं की आमचं राज्य वेगळं, आम्ही कुणात सामील होणार नाही.

त्यात लेव्हीचं, म्हणजे सरकारनं सक्तीनं वसूल करायचं धान्य न्यायला गाडी आली. गावानं दिलं नाही. पटवारी घाबरून परंड्याला गेला तो परत आलाच नाही, आणि पोलीस पाटलानं दुखण्याचं निमित्त करून दार लावून घेतलं. मग भैरोबाच्या देवळात लोक जमले, पाच पंच नेमले आणि ठरवलं की निजाम स्वतःला स्वतंत्र म्हणवतो, तर आपणही आता निजामापासून स्वतंत्र. मुख्य पंच झाले आबा. सगळं गाव त्यांना आबाच म्हणे. सत्तरीचा, काटक, कोरडवाहू शेतकरी. सोनारीच्या काळभैरवाचा भक्त. दर रविवारी उपास, आणि बोलणं मोजकं.

दुसऱ्याच दिवशी ते शाळेच्या पायरीवर येऊन बसले.

"मास्तर, कारभार म्हनला की कागद आलं. लिवनारं मानूस तुमीच."

"आबा, मी सरकारचा नोकर आहे."

"सरकार हितं कुटं हाय आता? तुमी हाय, आमी हाय."

मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून पंचांचं दप्तर माझ्याकडं आलं. परंड्याचे नातेवाईक मला गद्दार म्हणू लागले, आणि गावातले दोघंतिघं माझ्या पाठीमागं 'निजामाचा खबऱ्या' म्हणायचे. मी दोन्ही ऐकायचो आणि अम्माला काही सांगायचो नाही. तिला बहुधा सगळं ठाऊक होतं.

सुतारानं लाकडाचा शिक्का कोरून दिला. तो उमटवून मी निकाल लिहायचो: कुणाच्या विहिरीवर कुणी कधी पाणी भरायचं, कुणाचा बांध कुठवर. पहिला महिना झकास गेला. मग लोकांच्या ध्यानात आलं की आपल्या राज्यात मीठ पिकत नाही, रॉकेल येत नाही, आणि निकाल पटला नाही तर वर दाद मागायला कुणी नाही. बांधाचा निकाल ज्याच्या विरुद्ध गेला, तो पंचांना तोंडावर म्हणाला, "मानत न्हाय म्या. काय करता?" आमच्याकडं ना पोलीस होता ना कोठडी. आबा मला म्हणाले, "मास्तर, राज्य म्हंजी नुस्ती भांडनं हो! निजाम एकटा कसा सोसत आसंल?"

हसू आलं, पण भीतीही होती. आसपासच्या गावांतून निजामाच्या बाजूच्या बंदुकवाल्या टोळ्या फिरत होत्या. पकडायच्या माणसांच्या नाक्यावरच्या यादीत आबांचं नाव गेल्याची बातमी आली होती.

श्रावण सरत आला होता. एका सकाळी आबा शेताकडं निघाले असताना एक लाळ गाळणारं कुत्रं आडवं आलं आणि त्यांच्या पोटरीला कडकडून चावलं. त्याच कुत्र्यानं दोन शेळ्या फाडल्या आणि तिसऱ्या दिवशी ते ओढ्यात मरून पडलं. पिसाळलेलं होतं यात शंका नव्हती. बार्शीच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं देतात, रोज एक, हे मला माहीत होतं. इंजेक्शनं घेतली नाहीत तर माणूस कसा मरतो, हेही मी परंड्याला एकदा पाहिलं होतं.

आबा जायला तयार होईनात.

"भैरवनाथाचं वाहन हाय ते. देवानंच चावा घेतलाय म्हना की. म्या न्हाय जानार."

घरातले सगळे हात जोडून दमले. मला राग आला. मी म्हणालो, "आबा, देवाचं कुत्रं असतं तर ते लाळ गाळत मेलं असतं का? तुम्ही पाणी बघून ओरडायला लागलात तर तुम्हाला खांबाला बांधून ठेवायचं काम या पोरीबाळींवर येईल. मला ते बघायचं नाही."

आबांनी दाराशी उभ्या असलेल्या नातीकडं पाहिलं. मग बायकोकडं बघून म्हणाले, "धडुतं बांध. जातो बार्शीला."

आता नाका. मी सरकारी मास्तर, मला कुणी अडवलं नसतं. पण आबांना तिथं कुणी ओळखलं की संपलं. मी म्हणालो, माझे मामू म्हणून नेतो. माझ्या वडिलांची शेरवानी आणि टोपी अम्मानं पेटीतून काढून दिली. शेरवानी आबांना आखूड झाली. त्यांनी ती अंगावर चढवली आणि अम्माला म्हणाले, "भाबी, जपून वापरतो." पंचांनी शिक्का मारलेली चिठ्ठीही हट्टानं दिली, की हा माणूस आमच्या स्वतंत्र गावचा मुख्य आहे, त्याला वाट द्यावी. ती मीच लिहिली होती. गाडीतल्या कडब्याखाली खुपसून ठेवली.

नाक्यावर तीन शिपाई होते. त्यांतला वयस्कर जमादार गाडीशी आला.

"कौन है?"

"मामू हैं मेरे. पागल कुत्ते ने काटा है. बार्शी ले जा रहा हूँ, सुई के लिए."

"नाम क्या मामू का?"

आबांना उर्दू येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, "बोल नहीं सकते. बीमारी चढ़ गई है."

जमादाराला कळवळा आला. तो आत गेला आणि गार पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आला. भाद्रपदातलं ऊन, आबा सकाळपासून तहानलेले, आणि समोर पाणी. त्यांनी हात पुढं केला असता तर माझं खोटं तिथंच पकडलं गेलं असतं.

आबांनी तांब्याकडं पाहिलं. मग त्यांच्या तोंडून असा काही विचित्र आवाज निघाला की बैलांनीही माना वळवल्या. ते अंग आक्रसून गाडीच्या दुसऱ्या टोकाला सरकले आणि थरथर कापू लागले. तरणे शिपाई दोन पावलं मागं सरले. जमादारानं तांब्या पाठीमागं लपवला.

"जाओ, जल्दी जाओ. अल्लाह रहम करे."

नाका पार अर्धा कोस मागं पडेपर्यंत आम्ही बोललो नाही. मग आबा म्हणाले, "मास्तर, पानी द्या. जीव चाललाय." वाटेतल्या विहिरीवरून मी आणलेली कळशी रिकामी होईस्तोवर ते प्यायले, आणि आम्ही दोघं असे हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनीच म्हटलं, "मानूस चांगला व्हता तो. फसवलं आपन त्याला."

पलीकडच्या चौकीवर निजामाविरुद्ध लढणारी स्वयंसेवक पोरं होती. तिथं मी अडचणीत आलो. टोपी घातलेला म्हातारा आणि त्याच्यासोबत मी. 'परवानगी कुणाची? आलात कुठून?' मी पंचांची चिठ्ठी काढली. एकानं ती वाचली, शिक्का उन्हात धरून पाहिला आणि दुसऱ्याला म्हणाला, "हे कुठलं रे राज्य?" दोघं हसले. आमच्या राज्याची हद्द तिथं संपली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरांनो, त्यो कागद ऱ्हाऊ द्या. ह्यो माझ्या गावचा मास्तर. जिवावर उदार हून मला घेऊन आलाय. सोडायचं तर दोघांस्नी सोडा, न्हायतर दोघांस्नी बसवा."

त्यांनी सोडलं. दवाखान्यात डॉक्टरनं चिठ्ठी मागितलीच नाही. जखम पाहिली आणि म्हणाला, "चार दिवस उशीर केलात. रोज यायचं, एकही चुकवायचं नाही."

आम्ही बार्शीत एका धर्मशाळेत राहिलो. रोज सकाळी आबांच्या पोटात सुई. दहाव्या सुईच्या दिवशी रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या धडधडत निजामाच्या हद्दीकडं गेल्या. लोक दुतर्फा उभे राहून ओरडत होते. मीही उभा होतो. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडवत नव्हतं, कारण मागं गावात अम्मा एकटी होती. पुढच्या दिवसांत बातम्या येऊ लागल्या. निजाम शरण आला, आणि काही गावांत मुसलमान मोहल्ल्यांवर सूड उगवला गेला. त्या बातम्या खऱ्या होत्या. माझ्या दूरच्या नात्यातले काही लोक त्यांत गेले, हे मला पुढं कळलं.

गाड्या गेल्या त्या दिवशी आबांच्या चार सुया राहिल्या होत्या. मी म्हणालो, "तुम्ही थांबा. मी जातो."

"एकटं जाऊन वाटंत मारून घेता का? चार दिवस कळ काढा. माझी बायकू हाय तितं."

ते चार दिवस मी जेवलो की नाही, आठवत नाही. चौदावी सुई टोचून झाली आणि आम्ही दवाखान्याच्या दारातूनच गाडी हाकली. या खेपेला टोपी गाठोड्यात होती आणि आबा माझ्या पुढं, बैलांच्या कासऱ्याशी बसले होते, कुणालाही आधी तेच दिसावेत म्हणून. नाक्यावर कुणी नव्हतं. आडवा बांबू मोडून पडला होता. तो जमादार कुठं गेला, कुणाला विचारावं हे मला कळेना. आबा पुटपुटले, "भैरवनाथा, त्याला सुकरूप ठेव."

गावात शिरल्यावर माझ्या घराला कुलूप दिसलं. मी गाडीतून उडी टाकली. तेवढ्यात आबांच्या दारातून अम्मा बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. मागं आबांची बायको.

"आ गया रे बेटा? इत्ते दिन लगा दिया!" अम्मा म्हणाली, जणू मी बाजाराला गेलो होतो.

आबांची बायको म्हणाली, "आठ दिस झालं, माझ्याकडंच हाय. बाहिरची चार टाळकी आलती इचारत. म्या दारात बसले, म्हनलं ही माझी जाऊ हाय. आमच्यात काय काम हाय तुमचं?"

मी तिथंच ओट्यावर बसलो. अम्मानं पिठाच्याच हातानं माझं डोकं कुरवाळलं.

दोनेक महिन्यांनी नवा तहसीलदार गावात आला. देवळात पंच जमले. मी दप्तर आणि शिक्का त्याच्यापुढं ठेवला. त्यानं निकाल चाळले, हसला नाही, उलट म्हणाला, "नीट लिहिलंय." मग समजावून सांगितलं: आता महसूल, पोलीस, कोर्ट सगळं सरकारचं. गावाची पंचायत राहील, आणि बंद पडलेली शाळा मास्तरांनीच पुन्हा चालवावी.

"पंचायतीनं करायचं काय?" आबांनी विचारलं.

"दिवाबत्ती, पिण्याचं पाणी, साफसफाई."

"आन् बांधाची भांडनं?"

"ती कोर्टात."

एक पंच उसळून म्हणाला, "म्हंजी निजामाच्या जाग्यावर तुमी! आमचं काय ऱ्हायलं?" त्याचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. चार महिने का होईना, सगळं आपलं आपण ठरवलं होतं.

पण आबांच्या चेहऱ्यावरचा ताण मी उतरताना पाहिला. त्यांनी शिक्का तहसीलदाराकडं सरकवला.

"घेऊन जावा सायेब. भांडनं बी संगं घेऊन जावा. पानी तेवढं आमी बघतो."

बाहेर पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "शाळा कधी उघडताय?"

"उद्या."

"मग नातीला धाडतो," ते म्हणाले आणि लंगडत शेताच्या वाटेला लागले.