घोटीतला पंक्चरवाला

माझ्या तापट डोक्याला कंटाळून बायको येवल्याला माहेरी गेली. म्हणाली, "शांत झालात की न्यायला या." म्हणून मी ध्यानाच्या शिबिरात दहा दिवस तोंड शिवून बसलो. सुटल्यावर निघालो, तर घोटीतच गाडी पंक्चर.

स्पीकरवर बायकोला सांगितलं, "मी एकदम शांत झालोय गं, संध्याकाळी येतो." फोन न कापताच खिशात टाकला.

पंक्चरवाला म्हातारा होता. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबायचा, नजर लावून बसायचा, इंचभर फिरवायचा, परत बसायचा. दहा दिवसांत मला माझा श्वास नीट सापडला नाय, हा माझ्या ट्यूबचा शोधत बसलेला! माझं टाळकं सरकलं. घमेल्याशेजारी पाय आपटून ओरडलो, "ओ बाबा, झोपले का? उरका की!"

त्यानं मानसुद्धा वर केली नाय. "पाय नका आपटू, दादा. पाणी हललं की बुडबुडा दिसत नाय."

मी गप उभा राहिलो. पाणी थांबलं आणि भोक लगेच सापडलं.

तेवढ्यात खिशातून बायको बोलली, "अहो, सगळं ऐकलं मी. आता त्या बाबांकडंच बसा दहा दिवस. मग या."

म्हाताऱ्यानं न बघताच एक स्टूल माझ्याकडं सरकवलं.