अठराच्या आत

माझा धाकटा भाऊ गर्द ओढतो हे आम्हाला कळलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शाळा सुटलेली. दिवसभर पनवेलच्या एसटी स्टँडमागे बसायचा. आईला कित्येक दिवस वाटत होतं, कावीळच झाली असेल.

बाबा तळोज्याच्या कारखान्यात कामगार होते. मी म्हटलं, "तुमचा कामगार विमा आहे ना? मग विम्याच्या दवाखान्यात विचारू या."

"तिथे ताप-खोकल्याचं औषध देतात गं," बाबा म्हणाले. पण आले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "हा आजारच आहे. मुंबईच्या हॉस्पिटलात सोय होते. किती वर्षांचा आहे?"

"पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण."

"मग घाई करा. शिकत नसेल तर अठरानंतर वडिलांच्या विम्यात त्याचं नाव राहणार नाही. एकदा दाखल होऊ दे, पुढचं मी बघते."

मी तशीच स्टँडवर गेले. मला बघून तो उठलाच. "पोलिसांत देणार का, ताई?"

"नाही रे वेड्या. तुझ्या वाढदिवसाच्या आत तुला दवाखान्यात न्यायचंय."

तो एकदम हसला. "म्हणजे अठराचा झालो की आजारी पडायचं नाही?"

"बाबांच्या विम्यावर तरी नाही."

"मग चल," म्हणाला. मी त्याचा हात घरापर्यंत सोडला नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलातले सुरुवातीचे दिवस वाईट गेले. तो थरथरायचा, पाय दुखतात म्हणून रडायचा. आई बसून पाय चेपायची. वाढदिवस वॉर्डातच आला. आईने डबाभर शिरा नेला. ताट बघून तोंड फिरवणाऱ्या त्या पोराने डबा बोटाने पुसून खाल्ला आणि विचारलं, "एवढाच?"

"आता नाय उरला रे!" आई ओरडली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. शेजारच्या खाटेवर दारू सोडायला आलेले काका थाळी वाजवून गाऊ लागले. सिस्टर रागवायला आल्या आणि टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या.

पुढे तो एकदा घसरला, पण स्वतःहून डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सावरला. त्या थंडीत ओवे गावी मामाच्या शेतात पोपटी लावली होती, मडक्यात शेंगा आणि अंडी घालून वर जाळ केला होता. मडकं उघडताच वालाच्या शेंगांचा वास सुटला आणि भावाने पहिली अंडी पळवली.

"आरं, तुजी भूक हाय का वणवा?" मामा ओरडला.

भावाने भरल्या तोंडानेच मान डोलावली. बाबांनी आपली अंडीही त्याच्यापुढे सरकवली.