एर्मिन लाकासचं चुलवाण

एर्मिन लाकासला धाकट्या भावाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. चारचौघांत आणि मोठ्या आवाजात. चुलवाण तिने त्यासाठी बांधलं. हौस म्हणून बांधलं, उतारवयात बाईला काहीतरी चाळा हवा, असं जे आमच्या गावात बोललं जातं ते साफ खोटं आहे. वीट न वीट तिने रागाने रचली. मी तिची शेजारीण, त्या विटा तिच्याबरोबर मीही वाहिल्या आहेत, तेव्हा मला कोणी शिकवू नये.

आमच्या खोऱ्यात रात्री गोठायला आणि दुपारी ऊन लागायला सुरुवात झाली की मेपलच्या झाडांना तोट्या ठोकतात. रस थेंबथेंब बादलीत उतरतो, पाण्यासारखा पातळ. तो आटवून आटवून पाक करायचा, हा घरोघरचा उद्योग. पाक कोणाचा, याचं उत्तरही घरोघरी एकच. ज्याच्या हातात पळी, त्याचा. पुरुष कढईशी उभा राहतो, पळी उंच धरून पाक थेंबाने पडतो की पडद्यासारखा लोंबतो ते बघतो आणि मान डोलावतो. खाली चुलवाणाच्या तोंडाशी जी बाई वाकलेली असते तिचं नाव बरणीवर नसतं.

एर्मिन परकरी वयापासून त्या तोंडाशी होती. आधी बापाच्या कढईखाली, मग भावाच्या. बाप गेला तेव्हा भट्टीघर, झाडं आणि कल्हईची ती लांबलचक कढई, सगळं रोझेरकडे गेलं, कारण तो मुलगा. हिला रस्त्यापलीकडचं लहान घर आणि त्यामागचा झाडांचा एक पट्टा मिळाला. लग्न केलं नाही. तोंड असं की चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाबासुद्धा दुसऱ्या दाराने जायचे.

आगीशी मात्र ती शहाण्यासारखी वागायची. लाकूड मनगटाएवढं फोडायचं, आडवंतिडवं रचायचं, थोडं थोडं आणि सारखं घालायचं. दार उघडं राहिलं की उकळी मोडते, म्हणून एका हाताने दार, दुसऱ्याने लाकूड आणि पायाने पुन्हा दार. झळीने तिच्या भुवया जळाल्या त्या परत आल्याच नाहीत. दिवसाची शेवटची भर घालण्याआधी ती उठून स्वतः रसाच्या टाकीत डोकावायची. आग विझेपर्यंत कढई ओली राहील एवढा रस वर आहे का, हे पाहिल्याशिवाय शेवटचं लाकूड आत जात नसे. रोझेरने हे कधी पाहिलंच नाही. त्या वेळी तो वर आलेल्या पाहुण्यांना पाक चाखवत असायचा.

मग ती जत्रा झाली. रोझेरच्या पाकाला पहिला नंबर मिळाला, कोटाला फीत लागली, हातात माइक आला. कोणीतरी भल्या माणसाने विचारलं, यात बहिणीचाही हात असेल ना? रोझेर हसला. म्हणाला, "तिचं काय, भोकात लाकडं कोंबते. शिकवलं तर आमचा कुत्रासुद्धा करेल."

अख्खा मंडप हसला. एर्मिन पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली, चालत भट्टीघरात गेली, खिळ्यावरचे आपले कातडी हातमोजे काढले आणि रस्ता ओलांडून घरी आली. मी मागोमाग गेले. ती शांत होती, आणि ती शांत असली की मला भीती वाटते. "त्याने जे सांडलंय," ती म्हणाली, "ते त्याच्याच जिभेने पुसून घेईन."

विटा मिळाल्या त्या बंद पडलेल्या मठाच्या धोबीघरातल्या भट्टीच्या. लोखंडी जाळी भंगारातली. कढई क्लोविसने करून दिली. हा क्लोविस आमच्याकडचा वेल्डिंगवाला, जीभ सैल पण हात पक्का. डेअरी मोडीत निघाली होती, तिथल्या दुधाच्या टाकीचा चकचकीत पत्रा त्याने कापून आणला आणि आत आडव्या भिंती बसवल्या, म्हणजे कच्चा रस एका टोकाला शिरून वळणं घेत घेत दुसऱ्या टोकाला पाक होऊन पोचेल. पाणसळ लावून लावून त्या दोघांनी कढई बसवली. एका कोपऱ्याला जरा जरी उतार राहिला तरी तिथे पाक करपतो, म्हणून एर्मिन त्याला उठायलाच देईना.

क्लोविस वैतागून म्हणाला, "म्हातारे, चूल मांडतेस का तोफ?"

"तोफच. तोंड कुठे केलंय बघ की."

छपराचं वाफेचं तोंड तिने रस्त्याच्या बाजूला काढलं होतं, बरोबर रोझेरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. क्लोविसने टोपी काढून खिडकीला सलाम ठोकला.

हिवाळाभर तिने लाकडं फोडली. रोझेर खिडकीतून बघत असणार. कोणाजवळ तरी तो म्हणाला, करू दे, पहिल्याच दिवशी पाक काळा करील. एर्मिनपर्यंत हे पोचलं. ती त्या दिवशी दुप्पट लाकडं फोडून मोकळी झाली.

आमच्याकडे ज्या छपरातून वर्षाची पहिली वाफ निघते तिकडे सगळा गाव जातो. बोलावणं लागत नाही. वाफ दिसली की लोक बूट चढवून निघतात, बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून खातात. हा मान कायम लाकासांच्या भट्टीघराचा. त्या वर्षी वाफ निघाली ती रस्त्याच्या अलीकडून, एर्मिनच्या छपरातून.

एर्मिनने चुलवाण पेटवलं आणि पळी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, अगं, मला कुठे येतंय. ती म्हणाली, "धर. त्याला काय लागतंय, कुत्रासुद्धा करेल." कढईवर खारवलेल्या चरबीचा तुकडा दोऱ्याने टांगला होता. फेस चढून त्याला लागला की आपोआप बसायचा. खाली ती दार उघडत होती, लावत होती, आणि वर उकळी एका सुरात चालली होती. माणसं येत गेली, बाकं भरली. जत्रेत हसलेले बहुतेक सगळे तिथे होते. तिने एकेकाला पाक दिला आणि एकालाही काही बोलली नाही.

पलीकडे रोझेरला राहवेना. त्यानेही पेटवलं. पळीलाही तोच, लाकडालाही तोच. आपली वाफ बहिणीच्या वाफेपेक्षा उंच गेली पाहिजे म्हणून त्याने चुलवाण ओंडक्यांनी गच्च भरलं. वाफेचा खांब उठला खरा. आमच्या इथले दोघेतिघे दारात जाऊन बघून आले आणि बुटांची चुळबुळ सुरू झाली. एर्मिनने मान वर केली नाही.

थोड्या वेळाने क्लोविस दारातून म्हणाला, वाफ तांबूस दिसतेय, कढई करपतेय.

तेव्हा मात्र ती उठली. दारात आली, बघितलं, हातमोजे काढून पट्ट्यात खोचले. तेवढ्यात रोझेर रस्ता ओलांडून धावत आला. डोक्यावर टोपी नव्हती.

"रस दे. दोन बादल्या. टाकी संपलीय आणि खाली गच्च भरलंय."

"कोणी भरलं?"

"मीच."

"का? कुत्रा कुठे गेला?"

कोणी हसलं नाही. रोझेरने सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"ताई, बाबांची कढई आहे."

किती वर्षांनी तो तिला ताई म्हणाला असेल. ती म्हणाली, "म्हणून तर विचारतेय. बाबांच्या कढईखाली कोण होतं, सांग यांना. फीत कोणाची होती, तेही सांग."

तो बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"मागच्या बाकावर म्हातारी माणसं आहेत, रोझेर. त्यांना ऐकू येत नाही."

मग तो बोलला. "पाक तिचा होता. आग तिची होती. मी नुसती पळी धरून उभा असायचो." आवाज फाटला होता, पण मागच्या बाकापर्यंत पोचला.

भरलेल्या दोन बादल्या दाराशीच होत्या. तिने बोटाने दाखवल्या. तो घेऊन पळाला, अर्धा रस रस्त्यावरच्या बर्फावर सांडत. लोकही मागोमाग धावले. कढईच्या आतल्या भिंतींचे जोड वितळून त्या कोसळल्या होत्या, तळ फुगला होता, आणि पाकाचं डांबर होऊन खाली आगीत ठिबकत होतं. क्लोविसने फावड्याने बर्फ टाकून टाकून आग मारली.

बर्फ रोझेरच्या दाराबाहेर छातीएवढा होता. घाबरलेल्या माणसाला ते सुचलं नाही. दुसऱ्या कोणाची कढई असती तर एर्मिन रस्त्याच्या अलीकडून ओरडली असती, कढईत बर्फ टाक. तिने तोंड उघडलं नाही.

सगळे गेल्यावर मी विचारलं, तू लगेच रस दिला असतास तर कढई वाचली असती का?

"वाफ तांबूस झाली तेव्हाच ती गेली होती."

"आणि तरी त्याच्याकडून वदवून घेतलंस?"

"मला कढई कुठे हवी होती," ती म्हणाली आणि चुलवाणाचं दार पायाने लावलं.

बापाची वस्तू डोळ्यांदेखत जाऊ दिली, बाई आहे की दगड, असं बोलणारे आहेत गावात. त्या कढईसाठी हळहळणाऱ्यांना तिच्या भुवया कधी आठवल्या नाहीत. त्यांनी आधी त्या चुलवाणाच्या तोंडाशी एक दिवस बसून यावं, मग माझ्याशी बोलावं.

रोझेरने ती कढई ओढ्याकाठी फेकून दिली. एर्मिनने ती घसरगाडीवर घालून ओढत आणली आणि आपल्या लाकडांच्या राशीवर उपडी घातली, जळका तळ त्याच्या खिडकीसमोर येईल अशी. कोणी विचारलं तर सांगते, लाकडं कोरडी राहतात.

बर्फ पडला की तो तळ झाकला जातो, पांढरा दिसतो. म्हणून सकाळी चहाच्याही आधी ती झाडू घेऊन बाहेर जाते आणि कढईवरचा बर्फ झाडून काढते.