बाबांच्या स्कूटरचा निळा रंग

दिग्रस सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी बाबांची स्कूटर चढली. गाद्यांच्या वळकट्या, धान्याच्या कोठ्या, आईचं शिलाई मशीन आधी गेलं. मग मामानं आणि शेजारच्या गजूभाऊनं ती दोन्हीकडून उचलली. हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे झाल्यामुळे ती ढकलता येत नव्हती. आई दारात उभी होती. स्कूटरकडे न पाहताच म्हणाली, "हे कायले नेऊन राह्यली तू? भंगारवाल्याले देऊन टाक."

मी ऐकलं नाही. तुम्ही सगळे शेजारीपाजारी गल्लीत जमला होतात. कुणी आईच्या हातात चिवड्याचा डबा दिला, कुणी नुसतेच डोळे पुसले. आईनं कुलूप लावलं, किल्ली मामाकडे दिली आणि आम्ही दोघी स्टँडकडे चालायला लागलो. फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, आई रुळली का? "हो, बरी आहे," म्हणून मी विषय बदलते. आज जरा नीट सांगते.

नोकरीसाठी मी पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा बाबांनी मला याच स्कूटरवर स्टँडला सोडलं होतं. बॅग पुढे, त्यांच्या पायांजवळ. एरवी तिथे त्यांची औषधांची पेटी असायची. ढोरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, पण खेड्याखेड्यांत लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. बस सुटताना खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "नाही करमलं त परत ये. लाजू नको."

मला करमलं. नाही म्हटलं तरी करमवून घेतलं. आपल्याकडे बाईमाणूसही "मी येतो, मी जातो" म्हणते. पुण्यात ऑफिसातले लोक त्यावर हसले, तेव्हा मी "येते, जाते" शिकले. पोह्यांबरोबर तर्री मागायची सोडली. वर्षातून दोनदा घरी यायचे, तेव्हा स्टँडवर निळी स्कूटर उभी असायची.

मग ती संध्याकाळ. कुणाची म्हैस अडली होती, म्हणून बाबा एका खेड्यात गेले होते. म्हैस आणि पारडू दोन्ही वाचली. परत येताना तुरीच्या वावरातून एक रोही उडी मारून थेट रस्त्यावर आला. नीलगायीचं ते धूड बाबांच्या पुढ्यात आदळलं. लोकांनी त्यांना यवतमाळला नेलं. मी पुण्याहून ट्रॅव्हल्सनं निघाले, पण वाशीम यायच्या आधीच मामाचा फोन आला. उरलेल्या प्रवासात शेजारची बाई मला पुन्हा पुन्हा पाणी विचारत होती, एवढंच आठवतं.

त्यानंतर आईनं चूल जवळजवळ सोडलीच. दिवसा दार लावून बसायची. म्हणून मी तिला घेऊन आले.

इथे आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. आई सकाळी उठायची, भांडी घासायची आणि बाल्कनीत जाऊन बसायची. मी ऑफिसातून यायचे तेव्हा तिथेच. रविवारी तर आम्हा दोघींना एकमेकींसमोर कुठे बसावं हेच कळायचं नाही. अशाच एका रविवारी मी खाली पार्किंगमध्ये गेले आणि स्कूटरवरची ताडपत्री काढली.

गॅरेजवाला आधीच येऊन पाहून गेला होता. "ताई, यात जीव राहिला नाही," म्हणाला. मग मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून स्वतःच कामाला लागले. पुढचा फोर्क कामातून गेला होता. तो, मडगार्ड आणि हेडलाइट जुन्या बाजारातून शोधून आणले. फोर्क बसवताना बोटं सोलवटली. पुढच्या पत्र्याला खोल पोचा होता. आतून लाकडी ठोकळा लावून हातोडीनं ठोकत राहिले. पत्रा थोडा थोडा बाहेर येत होता. त्या जागी बाबांचे गुडघे असायचे, हे मनातून जात नव्हतं. ठोकताना मी रडायचे, आणि आवाजामुळे कुणाला कळायचं नाही.

पोचा निघाला तरी खड्डे राहिले. त्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली, वर प्रायमर मारला. प्रश्न रंगाचा होता. बाबांनी घेताना हौसेनं गडद निळा निवडला होता, पण उन्हानं तो कधीच उडाला होता. सीट काढली तेव्हा खाली मूळ निळा तसाच होता, नवाकोरा. डिक्कीचं झाकणही आतून तसंच. ते झाकण घेऊन मी पेंटच्या दुकानात गेले आणि तोच रंग जुळवून आणला. लहानपणी ज्या गाडीवर मी पुढे उभी राहायचे, तीच गाडी हळूहळू समोर उभी राहिली.

एका संध्याकाळी किक मारली. बरंच खोकून इंजिन लागलं. तोच आवाज. गेटपर्यंत एक चक्कर मारून मी ती बाल्कनीच्या खाली लावली आणि आईला दाखवायला धावत वर गेले.

दार उघडंच होतं. आई ओट्यापाशी पाठमोरी. डोक्यावर पदर, गॅसवर चहा. मागे न वळता म्हणाली, "चहा मांडला. हातपाय धुवाले पाणी देऊ का?"

मी दारातच थांबले. ती वळली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मग गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसली. मीही तिच्याजवळ बसले. बाबा गेल्यावर ती सगळ्यांसमोर रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा आपण होऊन पार्किंगमध्ये आली. स्कूटरभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला. म्हणाली, "बेस केली तू. आवाज राहू दे. पण रंग नको ठेवू. वरून निळी दिसली का मी रोज फसीन."

"कोणता देऊ?"

"कोणताही दे. हा नको."

आणि माझ्या हातातून पॉलिश पेपर घेऊन तीच घासायला बसली. मी पाणी ओतत होते, ती घासत होती. निळं पाणी तिच्या बांगड्यांवरून, कोपरावरून ओघळत पार्किंगच्या नालीत चाललं होतं. एवढ्या कष्टानं जुळवलेला रंग असा वाहून जाताना मला बघवत नव्हतं. आई मात्र घासत राहिली. मध्येच म्हणाली, "नवी आणली तवा गावभर फिरवलं होतं मले. लाज वाटे." मग पेपर उलटा करून पुन्हा घासायला लागली.

आता स्कूटर बिस्किटी रंगाची आहे. बाबांशी तिचं काही नातं दिसत नाही. तिच्यावर बसून आम्ही भाजी आणायला जातो. आई मागे, माझ्या खांद्यावर एक हात.

गेल्या आठवड्यात भाजीवालीशी आई भाव करत होती. तिचं बोलणं ऐकून ती बाई हसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही इकडच्या नाही. घर कुठलं?" एरवी हे कुणी विचारलं की आई दिग्रस म्हणते, मग यवतमाळ जिल्हा, मग आपली गल्ली, तुमची सगळ्यांची नावं. मी पिशवी धरून थांबले, आता वेळ लागणार म्हणून.

आई म्हणाली, "इथंच. त्या पाण्याच्या टाकीमागं."

ती इथे रुजावी म्हणून मी किती दिवस जीव टाकत होते. पण ते ऐकलं आणि पिशवी धरून मी तिच्याकडे बघतच राहिले. आजवर मी परगावी राहत होते, कारण घरी आई होती. ती इथे आल्यावरही मला वाटायचं, ती पाहुणी आली आहे, घर तिकडेच आहे. आता तिकडे परतायला काही उरलं नव्हतं. परत येताना तिचा हात खांद्यावर नेहमीपेक्षा जड होता. टाकीजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "उतरतो मी. तू गाडी लावून ये घरी."