मांजरीच्या चावडीची भिंत

आठवडाभर संगणकासमोर बसणारी माझी लेक वैदेही रविवारी चुना मळते, हे फोनवर ऐकलं आणि ठरवलं, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. अमरावतीहून थेट तिच्याकडे वाघोलीला उतरले.

रविवारी सकाळी तिच्या स्कूटरवर निघालो. वाघोलीचे बारा-बारा मजले मागे पडले आणि मांजरीच्या बाजूला ऊस लागला. उसाच्या पलीकडे पुन्हा मजलेच! वाटेत तिने सगळं सांगितलं. गावची दगडी चावडी (पूर्वी गावाचा कारभार चालायचा ती जागा) कित्येक वर्षं बंद होती, आत मांडवाचे बांबू आणि शेळ्या. तिथे मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. काहींचं म्हणणं, पाडा आणि स्लॅब टाका. शेवटी ठरलं, एका भिंतीला चुन्याचा गिलावा करून दाखवा; टिकला तर चावडी राहील. गावातले जुने गवंडी नामदेवअण्णा यांच्या हाताखाली वैदेहीने आणि तिच्या मित्रांनी तो केला होता. निकाल आज होता.

पोचलो तेव्हा मला तहान लागली होती. दाराशी बादली, तिला गुळाचा वास. पाहुण्यांसाठी गूळ-पाणी ठेवलंय, किती अगत्य, असं म्हणत मी तांब्याभर प्यायले. चव भलतीच तुरट.

"अवो बाई, ते भिंतीचं हाय!" अण्णा ओरडले. "चुन्यात घालायला गूळ नि हिरडा भिजवलाय."

"हिरडा?"

"घाबरू नका. पोट साफ व्हईल."

अख्खी चावडी हसली. वैदेही तेवढी हसली नाही.

अण्णा बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत सरकू लागले. खिडकीजवळ थांबले. आवाज बद्द आला.

"हितं पोकळ हाय. कुणी केलं?"

स्लॅब हवा असलेले दोघे-तिघे पुढे सरकले.

"मी केलं," वैदेही म्हणाली.

"मग खरवडून तूच कर. बाकी भिंतीनं झ्याक धरलंय."

स्लॅबवाल्यांपैकी एकाने विचारलं, "म्हंजे पाडायची न्हाई?"

"पाडाय गेलास तरी पडायची न्हाई."

दुपारभर तिने तो तुकडा नव्याने केला. मी चुन्याची पाटी धरून उभी राहिले.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते? आजवर मी कंपनीचं नाव सांगून मोकळी व्हायचे. या वेळी भिंतीची सगळी हकीकत सांगितली, पोकळ तुकड्यासकट. चावडी वाचली याचा अभिमान आहेच. पण परक्या गावात, चारचौघांत, ती 'मी केलं' म्हणाली, त्याचा मला जास्त आहे.